कोंबड्यांच्या खाद्यातली सुकी मासळी: पारख, मात्रा आणि साठवण

मोकळी फिरणारी गावठी कोंबडी भात, कोंडा आणि अंगणातले किडे यांवर भागवते. वनराजा, ग्रामप्रिया यांसारख्या सुधारित जातींचे पन्नास-शंभर पक्षी परसात पाळले की तेवढ्यावर चालत नाही. मका आणि भाताच्या कोंड्यात लायसिन व मेथिओनिन ही अमिनो आम्लं कमी असतात. ती भरून काढणारी गोव्यातली सगळ्यात जवळची वस्तू म्हणजे सुकी मासळी. पिल्लांची वाढ, पिसांचा भराव, अंड्यांची संख्या या सगळ्यांत तिचा फरक दिसतो. नुकसानही तिच्यातूनच येतं, आणि ते बहुतेक वेळा टाळता येण्यासारखं असतं.

मासळी घेताना सगळे प्रोटीन किती आहे ते विचारतात. आमच्या मते आधी मीठ बघावं, मग ओल, मग तेलाचा वास, आणि प्रोटीन शेवटी. दोन टक्के प्रोटीन कमी असलं तर कोंबडी चार अंडी कमी देईल. मीठ जास्त झालं तर पिल्लं मरतात.

मिठाचा हिशेब

कोंबडीच्या एकूण खाद्यात 0.3 ते 0.5 टक्के मीठ पुरतं, म्हणजे 10 किलो खाद्यात 30 ते 50 ग्रॅम. माणसांना खाण्यासाठी मीठ लावून सुकवलेल्या मासळीत 15 ते 20 टक्के मीठ सहज असतं. अशी 600 ग्रॅम मासळी 10 किलो खाद्यात घातली, तर एकट्या मासळीतूनच 90 ते 120 ग्रॅम मीठ जातं, गरजेच्या जवळजवळ दुप्पट ते चौपट. त्यात सवयीने वरून मीठ टाकलं, किंवा मिनरल मिक्श्चरमध्ये आधीच मीठ असलं, तर पिल्लांचं आणखी कठीण होतं. पक्षी सारखे पाणी पितात, विष्ठा पाण्यासारखी होते, खालचा भुसा चिकट होतो, पोटात पाणी भरतं, आणि पिल्लं सगळ्यात आधी जातात. अशी लक्षणं दिसली की ते खाद्य ताबडतोब काढून घ्या, साधं गोडं पाणी आणि नुसता मक्याचा भरडा द्या, आणि पशुवैद्याला बोलवा.

म्हणून कोंबड्यांसाठी बिनमिठाचीच मासळी घ्यावी. उन्हात नुसती सुकवलेली बारीक मासळी किंवा जवळा (आपल्याकडचा गालमो) चालतो. खारे बांगडे नकोत. खारी मासळी घरात पडूनच असेल, तर पाचपट पाण्यात तासभर भिजवावी, पाणी दोनदा बदलावं आणि पुन्हा कडक वाळवावी. हे काम ऊन असेपर्यंतच होतं. जूनमध्ये भिजवलेली मासळी वाळत नाही, कुजते.

विकत घेताना

मासेमारीबंदी 1 जून ते 31 जुलै असते, त्यामुळे पुरुमेंताच्या (पावसाळ्याच्या बेगमीच्या) दिवसांत, मे महिन्यात, सुकी मासळी भरून ठेवायची घाई असते. त्याच दिवसांत निकृष्ट मालही खपतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घ्या किंवा जेटीवर सुकवणाऱ्याकडून थेट घ्या, पोत्याच्या तोंडाशी ठेवलेला माल बघून ठरवू नका. तळापर्यंत हात घाला.

मासा वाकवला की कट् करून मोडला पाहिजे. नुसता वाकला तर ओल आहे. दहा टक्क्यांच्या वर ओल असलेली मासळी पावसाळ्यात टिकत नाही. खाऱ्या मासळीवर गुलाबी झाक दिसली तर ती मीठ सोसणाऱ्या जिवाणूंची, तो माल सोडा. हिरवी-काळी बुरशी धुऊन जाते, तिचं विष जात नाही. वासासाठी चमचाभर पूड पेल्यात घ्या, वर कडकडीत पाणी ओता, पाच मिनिटं झाकून मग हुंगा. सुक्या माशाचा वास येणारच. जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला तर तेल खवट झालेलं आहे, आणि नाकात झोंबलं तर मासा सुकवण्याआधीच कुजला होता.

हे दुसरं जास्त गंभीर. बांगडा, तारले, टूना ही मासळी उन्हात, बर्फाविना पडून राहिली की तिच्यात हिस्टामिन तयार होतं. ते उकळून किंवा वाळवून नाहीसं होत नाही. अशा मासळीची फिशमील (माशांची भुकटी) कारखान्यात फार तापवली गेली, तर गिझेरोसिन नावाचा घटक तयार होतो. त्याने कोंबडीच्या पेटीला (दाणे दळणाऱ्या पोटाला) आतून व्रण पडतात आणि चोचीतून काळसर द्रव येतो. करपल्यासारखी काळपट तपकिरी फिशमील म्हणूनच घेऊ नये.

पुडीत भेसळ होते ती मुख्यतः वाळू, शिंपल्यांचा चुरा आणि युरिया यांची. वाळूसाठी मूठभर पूड काचेच्या बरणीत पाण्यात ढवळा आणि वरचं गढूळ पाणी दोन-तीनदा ओतून टाका. तळाशी जे उरतं ते बोटांनी चोळा. वाळू कचकचते. शिंपल्याच्या चुऱ्यावर व्हिनेगर टाकलं तर बुडबुडे येतात.

युरियाची चलाखी अशी की प्रयोगशाळेत नेहमी नत्र मोजून त्याला 6.25 ने गुणतात आणि त्याला प्रोटीन म्हणतात. युरियात 46 टक्के नत्र असतं, म्हणजे 100 ग्रॅम युरिया कागदावर जवळजवळ 290 ग्रॅम प्रोटीन दाखवतो. कोंबडीला त्याचा काहीच उपयोग नाही. घरी तपासायला कच्चं सोयाबीन दळा. भाजलेलं किंवा सोया चंक चालत नाहीत, कारण तापवल्यावर त्यातलं युरिएझ, म्हणजे युरियाचा अमोनिया करणारं द्रव्य, मरतं. हळद लाल होते ती या अमोनियाने. दोन बाटल्या घ्या. दोन्हींत एकेक चमचा मासळीची पूड आणि अर्धा कप कोमट पाणी. एकीतच चमचाभर सोयाबीन पीठ घाला. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या दोन पट्ट्या किंचित ओल्या करून दोन्ही बाटल्यांच्या तोंडाशी, आतल्या पाण्याला न लागता, लटकवा आणि बुचं लावा. अर्ध्या तासाने फक्त सोयाबीनच्या बाटलीतली पट्टी लाल-तपकिरी झाली तर युरिया आहे. दोन्ही लाल झाल्या तर मासळीच कुजकी.

घरी तयार करायची असेल तर

मालीम किंवा कुटबणच्या जेटीवर जाळ्यातली फुटकळ बारीक मासळी स्वस्त मिळते. ती ताजी, बर्फातलीच घ्यावी. धुऊन 15 ते 20 मिनिटं उकळा. उकळल्याने साल्मोनेला हा रोगाचा जिवाणू मरतो, आणि तारल्यांसारख्या काही माशांतलं बी-1 जीवनसत्त्व मोडणारं थायमिनेझ निकामी होतं. वर आलेलं तेल काढून टाका, हे सगळ्यात महत्त्वाचं. पावसाळ्यानंतरच्या हंगामातले तारले फार तेलकट असतात. ते तेल पुडीत राहिलं तर खवट होतं आणि ई जीवनसत्त्व खातं; मग पिल्लं मान वाकडी करून लडबडतात. फडक्यात दाबून पाणी काढा आणि जमिनीपासून उंच मांडवावर, वर जाळी टाकून वाळवा. वाळूवर पसरलेली मासळी वाळू घेऊनच घरी येते. पाच किलो ओल्या मासळीची सुकून किलो-सव्वा किलो होते.

उकळलेल्या मासळीला पुन्हा कच्च्या मासळीचे हात, टोपली किंवा सुरी लागू देऊ नका. वाळलेला माल दूषित होतो तो बहुधा असाच.

सुंगटांची (कोळंबीची) डोकी-सालंही वाळवून घालता येतात, पण त्यांच्या प्रोटीनच्या आकड्यात न पचणाऱ्या कायटिनचं नत्र धरलेलं असतं. दोन-तीन टक्क्यांपुढे जाऊ नये.

मात्रा

अंड्यावरच्या पक्ष्यांसाठी 10 किलो खाद्य असं करावं:

मक्याचा भरडा 5 किलो
भाताचा बारीक कोंडा 1.5 किलो
सोयाबीन पेंड 1.3 किलो
खोबऱ्याची पेंड 800 ग्रॅम
शिंपल्यांचा चुरा 650 ग्रॅम
बिनमिठाच्या सुक्या मासळीची पूड 600 ग्रॅम
मिनरल मिक्श्चर 150 ग्रॅम

यात साडेसोळा टक्क्यांच्या आसपास प्रोटीन येतं. बिनमिठाच्या मासळीतही थोडं मीठ असतंच, म्हणून वरून 20 ग्रॅम मीठ पुरे, आणि मिनरल मिक्श्चरमध्ये मीठ असेल तर तेही नको. पिल्लांना आठ आठवड्यांपर्यंत 20 टक्के प्रोटीन लागतं. त्यांच्यासाठी शिंपल्यांचा चुरा काढा आणि कोंडा कमी करून सोयाबीन पेंड वाढवा. मासळी मात्र तेवढीच ठेवा. जास्त कॅल्शियमने पिल्लांचे मूत्रपिंड बिघडतात. खोबऱ्याची पेंड आणि मका बुरशीचे नाहीत ना, हे मासळीइतकंच काळजीने बघावं.

खाद्यात माशाचं तेल एक टक्क्यापर्यंत गेलं की अंड्याला आणि मांसाला वास लागतो. मासळी दहा टक्क्यांच्या वर कधीच नको. मांसासाठीच्या पक्ष्यांना विकण्याआधी शेवटचे दोन आठवडे ती बंद करावी.

काय घालू नये

चिकनच्या दुकानातली आतडी, पिसं, रक्त कोंबड्यांना टाकायची सवय अजून दिसते. ती मोडलीच पाहिजे. राणीखेत, साल्मोनेला, बर्ड फ्लू हे सगळं त्या बादलीतून तुमच्या खुराड्यात येतं. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबारमधल्या नवापूरला आढळला, आणि तिथे लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. मेलेला पक्षी खुराड्यात पडून राहिला तर त्यात बोट्युलिझमचं विष तयार होतं. त्यावरच्या अळ्या खाल्ल्या तरी कोंबडीची मान आणि पाय लुळे पडतात. मेलेला पक्षी त्याच दिवशी चुना टाकून खोल पुरा.

ब्लॅक सोल्जर फ्लाय या काळ्या माशीच्या अळ्या हा चांगला पर्याय आहे, पण त्या भाजी-फळांच्या कचऱ्यावर वाढवलेल्या असाव्यात आणि देण्याआधी गरम पाण्यातून काढून वाळवाव्यात.

साठवण

पावसाळ्यात मासळी अख्खी ठेवा आणि पंधरा दिवसांपुरतीच दळा. पुडीचं तेल हवेला जास्त उघडं पडतं. झाकणाचा ड्रम, खाली लाकडी फळी, भिंतीपासून वीतभर अंतर. ड्रमवर दळल्याची तारीख लिहा. गाई-म्हशींच्या खुराकाजवळ कोंबडीखाद्य ठेवू नका आणि एकच फावडं दोन्हींना वापरू नका. दुभत्या गुरांना मांस-हाडांची भुकटी घालायला एफएसएसएआयची (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) मनाई आहे, आणि तयार कोंबडीखाद्यात ती असू शकते.

मोठा साठा घेताना नमुना तपासून घ्यावा. ओल्ड गोव्याच्या केंद्रीय तटीय कृषी संशोधन संस्थेत किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासणी कुठे होते ते विचारा. पोत्याच्या वर, मध्ये आणि तळाशी, अशा तीन-चार ठिकाणांहून मिळून 200 ग्रॅम माल कोरड्या प्लास्टिक पिशवीत घ्या. चिठ्ठीवर खरेदीची तारीख लिहा आणि नुसतं प्रोटीन न मागता ओल, मीठ, वाळू आणि युरिया यांचेही आकडे मागा.