रेडिमेड पडदा न बसणाऱ्या खिडक्या आणि त्यावरचे स्वस्तातले उपाय

मुंबईतल्या खिडक्या कुठल्या मापाने पाडल्यात ते त्या बिल्डरलाच ठाऊक. दुकानात पडदा मिळतो तो तीन मापांत, खिडकीचा ५ फूट, दाराचा ७ फूट आणि लांब दाराचा ९ फूट, रुंदी साधारण ४ फूट, झालं. आणि आपली खिडकी असते ५ फूट ७ इंच रुंद, ३ फूट ५ इंच उंच, डावीकडे कॉलम चिकटलेला आणि वर तीन इंचांवर बीम. आमच्या भांडुपच्या भाड्याच्या घरात बेडरूमची खिडकी अगदी हीच आहे, त्यामुळे खाली जे लिहितोय ते आधी चुकून मग शिकलेलं आहे.

पहिली गोष्ट, खिडकी मापू नका, पडदा जिथे लोंबणार आहे ती जागा मापा. म्हणजे काच किती आहे ते नंतर, आधी बघा की खिडकीच्या डावी-उजवीकडे भिंत किती इंच मोकळी आहे, वर बीमपर्यंत किती जागा आहे, खाली बेड लागतो का, स्विचबोर्ड मध्ये येतो का, आणि स्लायडिंगचं लॉक किंवा जाळीचा हँडल किती बाहेर आलाय. कपड्याचा शिलाईचा टेप वापरू नका, तो ताणला जातो, स्टीलचा मेजरटेप घ्या. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्या, कारण आपल्याकडे एकही चौकट काटकोनात नसते. चौकटीच्या आत काही बसवायचं असेल तर तिन्हीतलं सगळ्यात लहान माप धरायचं, भिंतीवर बाहेरून लावायचं असेल तर सगळ्यात मोठं.

हे लहान माप धरायचं मला कोणी सांगितलं नव्हतं. मी मधलं एकच माप घेऊन ऑनलाइन रोलर ब्लाइंड (वरच्या नळीवर गुंडाळला जाणारा पडदा) मागवला, आला तेव्हा वरच्या बाजूला अर्धा इंच जास्त, बसेचना. मापाने बनवलेला माल परत घेत नाहीत, तो ब्लाइंड दोन वर्षं माळ्यावर पडून आहे आणि दर दिवाळीच्या साफसफाईला बायको तो मुद्दाम मला खाली काढायला लावते.

आता हिशोब कसा करायचा तो सांगतो. रॉड खिडकीपेक्षा दोन्हीकडे ६ इंच जास्त ठेवतात, म्हणजे पडदा उघडल्यावर कापड भिंतीवर जाऊन बसतं आणि काच मोकळी राहते. माझ्याकडे डावीकडे कॉलम, तिथे जागाच नाही, म्हणून ६७ अधिक ६ असा ७३ इंचाचा रॉड. कापड रॉडच्या दुप्पट लागतं तेव्हा कुठे चुण्या छान पडतात, दीडपट घेतलंत तरी चालतं पण मग ते पडद्यापेक्षा वाळत घातलेली चादर जास्त वाटतं. ७३ ची दुप्पट १४६, आणि ४ फुटी म्हणजे ४८ इंची तीन पडदे घेतले की १४४ झाले, बसलं. दोनाच्या जोडीत घ्यायचा हट्ट सोडा, तीन घ्या, आणि एका बाजूला भिंत नसेल तर तिन्ही मोकळ्या बाजूलाच सरकवायचे.

उंचीचं तर आणखी सोपं. खिडकी ४१ इंच, रॉड ३ इंच वर, खाली ८ इंच सोडले, एकूण ५२ इंच. रेडिमेड पडदा ६० इंच. हे जास्तीचे ८ इंच लोक कापून टाकतात, मी सांगतो कापूच नका, खालून आत दुमडून मोठ्या टाक्यांनी शिवून घ्या. एक तर खाली वजन येतं त्यामुळे पडदा फॅनखाली फडफडत नाही, आणि दुसरं म्हणजे ११ महिन्यांनी घर बदललं की ती शिलाई उसवली की झाला पुन्हा ५ फुटी पडदा. फिकट कापडात तेवढा पट्टा गडद दिसतो, म्हणून असं करायचं असेल तर गडद किंवा डिझाइनचं कापड घ्या. घरी मशीन नसेल तर नाक्यावरचा अल्टरेशनवाला करून देतो, पँटची उंची कमी करणारा तोच. फक्त त्याला ‘दोन इंच कमी’ असं सांगू नका, तयार लांबी किती हवी ते कागदावर लिहून द्या.

रुंदी कमी करायची वेळ आली तर एक लक्षात ठेवा, आयलेटच्या म्हणजे रॉड ओवायच्या रिंगा नेहमी सम संख्येत राहिल्या पाहिजेत, ६ किंवा ८. विषम झाल्या तर एका बाजूचं टोक भिंतीकडे वळतं आणि दुसऱ्या बाजूचं खोलीकडे, आणि मग तो पडदा कधीच सरळ दिसत नाही, कितीही इस्त्री करा.

आता रुंद पण बुटकी खिडकी, ८ फूट रुंद आणि ३ फूट उंच, जुन्या सोसायट्यांच्या हॉलला असते तशी. याला सगळ्यात स्वस्त उपाय कपाटातच आहे, सुती साडी. साडी साडेपाच मीटर म्हणजे साधारण १८ फूट लांब, पन्हा म्हणजे कापडाची रुंदी ४५ इंचाच्या आसपास. ती उभी न लावता आडवी लावायची, म्हणजे पन्हा झाला उंची आणि लांबी गेली रुंदीत. ८ फुटाला १८ फूट कापड म्हणजे दुपटीपेक्षा जास्त, आणि वर ४ इंच दुमडून रॉड घालायची नळी केली की ४१ इंच उरतात, ३ फुटी खिडकी झाकून वर थोडं राहतं. खालचा काठ आधीच तयार असतो, शिलाई वाचली, आणि दिसतोही झकास. एवढ्या लांब रॉडला मध्ये ब्रॅकेट लागतंच नाहीतर झोळ येतो, आणि नळीचा पडदा मधल्या ब्रॅकेटवरून सरकत नाही, म्हणून साडी बरोबर मध्ये कापून ९-९ फुटाचे दोन भाग करायचे. आजीचं जुनं नऊवारी असेल तर ते २७ फूट भरतं, त्यात १३ फुटी खिडकीसुद्धा निघेल, पण आधी आईला विचारा, मी न विचारता कात्री लावली होती आणि तो विषय आमच्याकडे अजून निघतो. सुती साडीतून उजेड येतो, हॉलला छान, बेडरूमला नाही. रात्री आत दिवा लागला की समोरच्या बिल्डिंगला सगळं दिसतं, तेव्हा मागून साधं अस्तर हवंच.

कोपऱ्यातली एल आकाराची खिडकी असेल तर दोन रॉड कोपऱ्यात जोडायचा नाद सोडा. एक रॉड अगदी कोपऱ्यापर्यंत न्यायचा आणि दुसरा त्याच्या अलीकडे तीन-चार इंचांवर थांबवायचा, नाहीतर दोन्ही ब्रॅकेट एकमेकांवर येतात. जो कोपऱ्यापर्यंत गेलाय त्याचा पडदा कोपरा झाकतो. सीलिंगला वाकवता येणारा ट्रॅकही मिळतो, दिसायला चांगला, पण तो बसवायला माणूस लागतो आणि मग स्वस्त राहत नाही.

विंडो एसी असलेल्या खिडकीला एकाच लांबीचे पडदे लावलेत तर एसीच्या तोंडावर कापड येतं, थंड हवा पडद्यामागेच फिरत बसते आणि मशीन उगाच चालू राहतं. त्या बाजूचा पडदा एसीच्या वरच्या कडेपर्यंतच ठेवा आणि दुसऱ्या बाजूचा पूर्ण. विचित्र दिसेल असं वाटतं, आठवड्यात सवय होते. एसी खिडकीच्या वरच्या भागात असेल तर रॉडच खाली घ्यावा लागतो.

घरमालक ड्रिल मारू देत नसेल तर स्प्रिंगचा रॉड, दोन टोकांना रबर असलेला, चौकटीच्या आत दाबून बसवायचा. मार्बल किंवा ग्रॅनाइटच्या गुळगुळीत चौकटीवर तो चांगला धरतो, पण आधी ती जागा साबणाच्या पाण्याने पुसून कोरडी करा, धुळीचा थर असेल तर रात्री दोन वाजता धप्पकन पडतो. ४ फुटांच्या वर आणि जाड कापडाला नको. चिकटवायचे हुक मात्र डिस्टेंपरच्या भिंतीवर पावसाळ्यात रंगाच्या पापुद्र्यासकट खाली येतात, ते टाइल्सवरच ठीक.

ड्रिल चालत असेल तर खिडकीच्या वरची पट्टी बहुतेक काँक्रीटची असते, साधं ड्रिल तिथे नुसतं गरम होतं, हॅमरवालं लागतं. ६ मिलिमीटरचं भोक, त्यात गिट्टी (स्क्रू घट्ट धरणारा प्लग), मग स्क्रू. बिट लोखंडाला लागला तर जोर करू नका, भोक इंचभर सरकवा. जुन्या चाळीत उलटं, तिथे प्लास्टरच भुसभुशीत, गिट्टी धरतच नाही. मग एक लाकडी पट्टी घ्यायची, ती जिथे भिंत घट्ट लागेल तिथे दोन-तीन ठिकाणी पक्की करायची आणि ब्रॅकेट पट्टीवर मारायचे.

चाळीवरून आठवलं, आत उघडणाऱ्या लाकडी झडपांच्या खिडकीला रॉड लावला की झडप उघडताना अडकते. आत्याच्या गिरगावातल्या खोलीत अजून जुनीच पद्धत आहे, गजांच्या मागे अर्ध्या उंचीवर प्लास्टिकचं कव्हर असलेली स्प्रिंगची तार, दोन टोकांना हुक, आणि फक्त खालचा अर्धा भाग झाकणारा पडदा. वरून उजेड-वारा येतो, खालून गॅलरीतून जाणाऱ्याला दिसत नाही. तार मापापेक्षा दोन-तीन इंच आखूड कापायची म्हणजे ताणली जाऊन टाइट बसते. यापेक्षा स्वस्त काही नाही, पण ३-४ फुटांपुढे मध्ये झोल पडतोच.

ओट्यावरच्या खिडकीला, गॅस जवळ असेल तर, पडदा नकोच, पॉलिस्टर तर अजिबात नको. तिथे आणि बाथरूमला दुधी फिल्म. काच स्वच्छ करा, साबणाचं पाणी मारा, फिल्म ठेवा आणि जुन्या एटीएम कार्डाला फडकं गुंडाळून मधून बाहेर पाणी काढत जा. आरशासारखी चमकणारी फिल्म घेताना विचार करा, ती दिवसा लपवते, रात्री आतला दिवा लागला की उलटं होतं.

ब्लाइंड स्क्वेअर फुटावर मिळतात आणि बऱ्याच ठिकाणी कमीत कमी इतक्या फुटांचं बिल असतंच, त्यामुळे छोट्या खिडकीला ते उलट महाग पडतात. आधी तेवढं विचारून घ्या. अरुंद, खोल चौकट आणि जवळ टेबल असेल तर मात्र पडद्यापेक्षा ब्लाइंडच सोयीचा. रोलरचं कापड नळीपेक्षा थोडं अरुंद असतं, दोन्ही कडांनी उजेडाची रेघ येते, सकाळी झोप मोडत असेल तर भिंतीवर बाहेरून मोठा लावा. घरात लहान मूल असेल तर दोरी किंवा साखळी लोंबती ठेवू नका, गळ्यात अडकते, वर हुकाला गुंडाळून ठेवा. बाल्कनीतली बांबूची चिक दिसते सुंदर, पण जूनच्या आधी काढून ठेवली नाही तर बुरशी धरते.

कापड मीटरवर घ्यायचं असेल तर मंगलदास मार्केट (रविवारी बंद असतं) किंवा दादरचं हिंदमाता, पण हिंदमाताला पावसात पाणी तुंबतं, जुलैत जायचं तर आधी आभाळ बघा. तिथे पन्हा विचारायचाच, ४८ आणि ५४ मध्ये फरक पडतो, एका पन्ह्याचं कापड वाचू शकतं. सुती असेल तर शिवायच्या आधी एकदा भिजवून वाळवा. आम्ही तसं केलं नव्हतं, पहिल्या धुण्यात दोन इंच आटला आणि पडदा आता खिडकीच्या कडप्प्यावर टेकायचा तो हवेत लोंबतोय.