साधं की पावर? पेट्रोल भरताना या चुका टाळा

माझ्या मोठ्या भावाची दहा वर्षांची पेट्रोल गाडी कुंभार्ली घाटात खटखटायला लागली, तेव्हा भेटेल त्याने एकच सल्ला दिला, "पावर टाक." दादाने चार महिने हे 'पावर', म्हणजे महागडं प्रीमियम पेट्रोल भरलं. खटखट कमी झाली, पण गेली नाही. शेवटी मेकॅनिकने प्लग काढून दाखवले. आधीच्या सर्व्हिसिंगला भलतेच, जास्त तापणारे प्लग बसवले होते. इंजिनाचं दुखणं इंधनाने झाकलं, हीच सगळ्यात महागात पडणारी चूक.

मुळात ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं आणि प्लगच्या ठिणगीने पेटतं. दाब आणि उष्णता जास्त झाली, तर ज्वाला पोहोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं. तीच ती खटखट, म्हणजे नॉकिंग. असं आपोआप पेटणं इंधन किती रोखून धरतं, ते ऑक्टेन आकड्यावरून कळतं. ज्या इंजिनाला 91 ऑक्टेन पुरतं, त्यात 95 ओतून पिकअप वाढत नाही. म्हणून आधी टाकीच्या झाकणाची आतली बाजू आणि मॅन्युअल बघा. तिथे 95 'आवश्यक' लिहिलंय की नुसती 'शिफारस' आहे, हा फरक मोठा आहे. आवश्यक असेल तर काटकसर नको. टर्बो पेट्रोल गाड्यांत कमी ऑक्टेन मिळालं की नॉक सेन्सर ठिणगीची वेळ मागे ओढतो. इंजिन वाचतं, पण ताकद आणि ॲव्हरेज दोन्ही घटतं. अमेरिकेत राहणाऱ्यांनी तिथल्या पंपावरचा 87 बघून घाबरू नये. तो आकडा वेगळ्या पद्धतीने काढतात, आपल्या मोजणीत तो साधारण 91 भरतो.

आता एक नवा गोंधळ. इथेनॉलचं ऑक्टेन बरंच जास्त असतं. त्यामुळे 20 टक्के इथेनॉलच्या साध्या पेट्रोलचं ऑक्टेन आता 95 झाल्याचं पेट्रोलियम मंत्रालयाने 2025 मध्ये सांगितलं. म्हणजे पूर्वी 'साधं 91 आणि प्रीमियम 95' असा जो सरळ हिशोब होता, तो आता तसा उरलेला नाही. इथेनॉल टाळायचं म्हणून 95 चं प्रीमियम भरणारेही खूप भेटतात, पण त्यातही बहुधा इथेनॉल असतंच. पंपावर लावलेली सूचना वाचा. इथेनॉलमुळे जुन्या गाडीचे रबरी पाइप खराब होतील अशी काळजी वाटत असेल तर पाइप तपासून घ्या. महाग पेट्रोलने रबर सुधारत नाही.

गाडी खटखटतेय? पंपावर जाण्याआधी गियर बघा. पेट्रोल वाचवायचं म्हणून घाटात चौथ्या गियरमध्ये रेटत नेलं, की इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर भार वाढतो आणि चांगलं इंजिनही खटखटतं. एक गियर खाली आणा. आवाज तिथेच थांबला, तर सवय बदला. थांबला नाही, तर कूलंट, प्लग आणि आत साचलेला कार्बन या क्रमाने दाखवा. लेह-लडाखला निघालेली आपली मुलं ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्या घेऊन जातात, त्याचं मला फार वाईट वाटतं. तिथे हवा विरळ, सिलिंडरमधला दाब कमी. साध्या बाइकला वर ऑक्टेन उलट कमी लागतं.

डिझेलवाल्यांना ऑक्टेन लागूच नाही. तिथे सिटेन बघतात, म्हणजे इंधन किती पटकन पेटतं ते. बीएस-6 डिझेलला तो किमान 51 असावा लागतो.

"प्रीमियमने ॲव्हरेज वाढतं" हे एका टाकीवरून ठरवू नका. नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, किलोमीटर लिहा, पुन्हा तशीच भरा. असं साध्यावर तीनदा, प्रीमियमवर तीनदा, आणि रस्ता रोजचाच. समजा साधं 104 आणि प्रीमियम 112 रुपये. पैसे वसूल व्हायला ॲव्हरेज पावणेआठ टक्के वाढायला हवं, म्हणजे लिटरला 15 देणारी गाडी 16 च्या पुढे जायला हवी. इतका फरक नुसत्या ऑक्टेनने पडताना मी पाहिलेला नाही.

आणि भेसळीच्या भीतीने प्रीमियम घेत असाल, तर संशय आला तिथेच फिल्टर पेपर मागा. नोझलच्या तोंडाचा एक थेंब त्यावर टाका. शुद्ध पेट्रोल दोन मिनिटांत उडून जातं, मागे गडद डाग उरत नाही. माप कमी वाटलं, तर पाच लिटरच्या मापात भरून दाखवायला सांगा. पंपावर या दोन्ही गोष्टी ठेवणं बंधनकारक आहे आणि त्या मागण्याचे पैसे लागत नाहीत.