टेलिफोनच्या वायरचा जोड: सोलू नका, पिळू नका, दाबा

पाऊस लागला की फोनवर खरखर, दोन दिवस ऊन पडलं की आवाज पुन्हा स्वच्छ. लँडलाइनचं हे दुखणं बहुतेक वेळा फोनमध्ये नसतंच, वायरच्या एखाद्या जोडात असतं. तो जोडही ठरलेला: टोकं सोलून एकमेकांना पीळ दिलेला आणि वर काळी टेप. उन्हाळ्यात टेपचा गोंद पाघळतो, पावसाळ्यात आत ओल शिरते. फोन खाली ठेवलेला असतानाही दोन तारांमध्ये साधारण ४८ व्होल्ट डीसी सतत असतो. ओल मिळाली की त्या दाबाखाली धन बाजूची तार हळूहळू विरघळते आणि टेप काढल्यावर हाताला हिरवी भुकटी लागते. अशा जोडावर नवी टेप गुंडाळणं म्हणजे आठवडाभराची सोय.

लाइनमनच्या पिशवीत यावर साधा इलाज असतो: जेली कनेक्टर. वाटाण्यापेक्षा जरा मोठा, आत चिकट जेली, वर दाबायची टोपी. दोन तारांसाठी पिवळ्या टोपीचा यूवाय, तीन तारांसाठी लाल टोपीचा यूआर. यात तार सोलायची नाही, हाच त्याचा मुद्दा. टोपी दाबली की आतली खाचेची धातूची पट्टी प्लास्टिक कापून तांब्याला दोन्ही बाजूंनी घट्ट धरते आणि जेली हवा-पाणी बाहेर ठेवते. हे कनेक्टर ०.४ ते ०.९ मिमी जाडीच्या एकेरी भरीव तारेसाठी आहेत. घरातली टेलिफोन वायर बहुधा ०.५ मिमीची असते, त्यामुळे अडचण येत नाही. खांबावरून येणाऱ्या काळ्या ड्रॉप वायरचं प्लास्टिक मात्र कधी इतकं जाड असतं की ती कनेक्टरच्या भोकात जात नाही. ती तासून बारीक करत बसू नका. तिची जागा रोझेट बॉक्सच्या, म्हणजे भिंतीवरच्या टेलिफोनच्या जोडणी-डबीच्या, स्क्रूखाली. डीपीपासून (जिथून घरोघरी टेलिफोनच्या तारा फुटतात तो बाहेरचा डबा) घरातल्या पहिल्या बॉक्सपर्यंतचं काम तसंही कंपनीच्या लाइनमनचं.

आधी दोष कुठे आहे ते शोधा. घरातले सगळे फोन आणि मोडेम काढा, पहिल्या बॉक्समधून आतल्या वायरी सोडवा आणि चालू असल्याची खात्री असलेला एक फोन थेट तिथे लावा. खरखर तिथेही असेल तर दोष बाहेरचा, तक्रार नोंदवा. आवाज स्वच्छ असेल तर दोष आतल्या वायरीत. मल्टिमीटर असेल तर लाइनपासून सोडवलेल्या वायरीच्या दुसऱ्या टोकाच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडून ओहम मोजा. ०.५ मिमी तांब्याच्या २० मीटर वायरीला येऊन-जाऊन साधारण साडेतीन ओहम यायला हवेत. आकडा १५-२० दाखवत असेल, किंवा वायर हलवली की नाचत असेल, तर वाटेत कुजका जोड आहे. मग टोकं मोकळी करून पुन्हा मोजा: आता मीटरने काहीच दाखवायला नको. मेगाओहममध्येही आकडा आला तर कुठेतरी ओल आहे.

जोडकाम करताना ती वायर पहिल्या बॉक्समधून सोडवलेलीच राहू द्या. ४८ व्होल्टचं फारसं जाणवत नाही, पण नेमकी तेव्हा घंटी वाजली तर ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो आणि चांगला झटका बसतो. आभाळ गडगडत असताना हे काम काढूच नका. आणि हे कनेक्टर २३० व्होल्टच्या वायरिंगला कधीही वापरायचे नाहीत.

खराब भाग कापताना हात आखडू नका. काळपट किंवा हिरवट तांबं दिसतंय तोवर आणखी कापा. चकाकी दिसली की थांबा. वायर आखूड पडली तर ओढूनताणून जोडू नका, १५-२० सेंटिमीटरचा नवा तुकडा मध्ये घाला. एका पेअरसाठी (एका लाइनच्या दोन तारांच्या जोडीसाठी) मग दोनऐवजी चार कनेक्टर लागतील, लागू द्या. ताणलेला जोड सुटायला एक झाडूचा धक्का पुरतो.

बाहेरचं आवरण ५-६ सेंटिमीटर काढा, ब्लेड आतल्या तारांना लागू देऊ नका. तारांचा मूळ पीळ गरजेपुरताच उलगडा. चारही टोकं सरळ कापून घ्या. दोन तारांचे जोड एकाच जागी न घेता २-३ सेंटिमीटर मागेपुढे घेतले तर गाठ जाड होत नाही. पांढऱ्याला पांढरी, निळ्याला निळी. एका पेअरच्या दोन तारांची अदलाबदल झाली तरी आजचे बहुतेक फोन चालतात. पण एक तार या पेअरची आणि दुसरी त्या पेअरची असं झालं तर गुणगुण सुरू होते, एडीएसएल (फोनच्या तारेवरचं इंटरनेट) वारंवार तुटतं आणि दोष शोधता शोधता अख्खा दिवस जातो.

आता दाबायची वेळ. टोपी खाली आणि पारदर्शक बाजू डोळ्यांकडे धरून दोन्ही तारा सारख्या आत सरकवा. त्या अगदी शेवटच्या भिंतीला टेकलेल्या दिसायला हव्यात. फसलेल्या जोडांत सर्वात जास्त चूक इथलीच असते: एक तार पूर्ण आत गेलेली, दुसरी दोन मिलिमीटर अलीकडे आणि दाबताना आणखी मागे सरकलेली. म्हणून दाबताना तारांना कनेक्टरजवळच अंगठ्याने धरून ठेवा. या कामाची खास पक्कड मिळते, तिचे जबडे एकमेकांना समांतर मिटतात. साधी पक्कड इंग्रजी व्हीसारखी मिटत असल्यामुळे टोपीची एक कड आधी बसते आणि दुसरी अर्धवट राहते. साधीच असेल तर एकदा दाबा, कनेक्टर फिरवून उलट बाजूने पुन्हा दाबा. टोपी अंगाशी सपाट झाली आणि कडेने थोडी जेली बाहेर आली की जोड बसला. मग एकेक तार हलकेच ओढून पाहा. निसटली तर तो कनेक्टर फेकून द्या, त्याची खाच एकदाच धरते.

जेली पाणी अडवते, ताण अडवत नाही. जोड छोट्या डब्यात ठेवा आणि डब्यात शिरण्याआधी वायरीला टाय लावून आधार द्या. बाहेरच्या भिंतीवर डब्याखाली वायरीला झोळ सोडा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल. रोझेटमध्ये मुंग्यांनी घर केलेलं असेल तर नुसती फुंकर मारून भागत नाही. मातीही ओल धरते, ती ब्रशने काढा.

भिंतीपासून फोनपर्यंतच्या चपट्या वायरीचं गणित वेगळं. तिच्यात बारीक तंतू असतात, जेली कनेक्टर त्यांना नीट धरत नाही. तिचं टोक कापून नवा आरजे-११ प्लग बसवावा. बाहेरचं आवरण सुमारे ६ मिमी काढा, आतल्या तारा सोलू नका. लाइन मधल्या दोन पिनांवर येते. आवरणही प्लगच्या आत गेलं पाहिजे, नाहीतर सगळा ताण तारांवर येतो. तंतूंच्या आणि भरीव तारेच्या प्लगची पाती वेगळी असतात, दुकानात सांगून घ्या. रिसीव्हरची वेटोळ्याची वायर तुटली असेल तर जोडण्याच्या फंदात पडू नका: आत धाग्यावर गुंडाळलेली तांब्याची पातळ फीत असते. नवी आणा.

फायबर आलेल्या घरात ओएनटीच्या (फायबर ज्याला जोडतात त्या घरातल्या यंत्राच्या) फोनच्या पोर्टमधून हीच जुनी वायरिंग चालवता येते. फक्त त्याआधी बाहेरून आलेली तांब्याची जोडी पहिल्या बॉक्समधून सोडवा आणि तिची दोन टोकं वेगवेगळी झाका. ती तशीच राहिली आणि बाहेरून त्या तारांवर व्होल्टेज आलं, तर ओएनटीचा तो पोर्ट जळू शकतो.