इंकस्केपमध्ये रंग भरणे: काळी-पिवळी टॅक्सी रंगवून बघा

मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून कायमची हटली, पण स्टिकरवर आणि टी-शर्टवर अजून धावतेय. सरावाला चित्रही सोपं आहे: बाजूने बघितलं तर काळी बॉडी, पिवळं छत, खिडक्या आणि दोन चाकं. इंकस्केप हे संगणकावर चित्र काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

बॉडीचा आकार काढा, एस दाबून निवडा आणि खालच्या रंगपट्टीवर काळ्यावर क्लिक करा. आत रंग भरतो. शिफ्ट धरून क्लिक केलं की रंग कडेला लागतो. पट्टीच्या डाव्या टोकाची फुली म्हणजे रंगच नको. नेमक्या आकड्यांसाठी कंट्रोल-शिफ्ट-एफ दाबून फिल अँड स्ट्रोक (आतला रंग आणि कड) ही चौकट उघडा. छताला लाल २५५, हिरवा १९६, निळा ० घालून बघा. बॉडीला शुद्ध काळा देऊ नका. तिन्ही आकडे ३५ च्या आसपास ठेवले, तर दाराची काळी रेघ तिच्यावर उठून दिसते.

क्लिक करूनही रंग चढत नसेल तर आधी खालच्या डाव्या कोपऱ्यात बघा. तिथे फिलच्या पुढे रंग बदललेला दिसतो, पण आकार पारदर्शकच आहे? मग अल्फा किंवा ओपॅसिटी, म्हणजे रंगाचा अपारदर्शकपणा, शून्यावर गेलेली असते. अख्खी टॅक्सीच काळी झाली, तर तुम्ही ग्रुप, म्हणजे एकत्र बांधलेले सगळे भाग, निवडलाय. कंट्रोल धरून क्लिक केलं की आतला एकच भाग निवडला जातो.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते उघडं राहिलेलं टोक. बॉडीची रेघ पूर्ण जुळली नसेल तरी इंकस्केप रंग भरतो, दोन टोकांमध्ये सरळ रेघ धरून. त्यामुळे बोनेटचा गोलवा कापल्यासारखा दिसतो आणि त्या बाजूला कडही उमटत नाही. एन दाबून रेघेचे बिंदू धरायचं साधन घ्या, शिफ्ट धरून दोन्ही टोकं निवडा, मग शिफ्ट-जे दाबून ती जोडा. बॉडी तीन-चार सुट्या रेघांनी काढली असेल, तर प्रत्येक रेघ आपापला रंगाचा तुकडा धरून बसते. आधी सगळ्या निवडून कंट्रोल-के दाबून एकत्र करा, त्यानंतर टोकं जोडा.

खिडकी पांढरी रंगवू नका. पांढऱ्या पानावर पांढरा आणि रिकामा सारखेच दिसतात, पण निळ्या टी-शर्टवर छापल्यावर पांढरे चौकोन उघडे पडतात. खिडकी बॉडीच्या वर ठेवा, दोन्ही निवडा आणि पाथ मेनूतून डिफरन्स (खालच्या आकारातून वरचा वजा) घ्या. खरं भोक पडतं.

छताला चमक हवी असेल तर जी दाबून ग्रेडियंटचं, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाण्याचं, साधन घ्या आणि वरून खाली ओढा. इथे फसगत ठरलेली: नव्या ग्रेडियंटचं दुसरं टोक पारदर्शक असतं, म्हणून छत खाली विरघळल्यासारखं होतं. ते टोक निवडून रंगपट्टीतला गडद पिवळा द्या.

कडेची जाडी मात्र शेवटी ठरवा. २ मिलिमीटरची रेघ १ आत, १ बाहेर पसरते, म्हणजे बारीक तपशील खाते. शिवाय चित्र लहान केल्यावर रेघही लहान व्हायला हवी असेल, तर निवडीच्या टूलबारवरचं रेघेची जाडी सोबत बदलण्याचं बटण दाबलेलं असायला लागतं. नाहीतर एक इंचाच्या स्टिकरवर टॅक्सीऐवजी काळा डाग उरतो.