डीसीयू पिच्छा सोडेना, तेव्हा

बॉक-फेनिलअ‍ॅलानिन (बॉक म्हणजे अमिनो टोक झाकणारा संरक्षक गट) आणि ग्लायसिन मिथाइल एस्टर डीसीसी या जोडणाऱ्या रसायनाने जोडलं की डायपेप्टाइड, म्हणजे दोन अमिनो आम्लांची जोडी, मिळायचं, पण डीसीसीपासून होणारा युरिया, म्हणजे डीसीयू, सोबत यायचाच. गाळला तरी थोडा इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये उरायचा, कॉलमने शुद्ध केल्यानंतरही डोकवायचा. एनएमआर तपासणीच्या आलेखात 1 ते 2 पीपीएमला डीसीयूच्या सायक्लोहेक्झिल गटांच्या सिग्नलची गर्दी, बॉकच्या 1.4च्या सिग्नलला अगदी खेटून!

शेवटी डीसीसीऐवजी ईडीसी हायड्रोक्लोराइड हे दुसरं जोडणारं रसायन घेतलं. सोबत एचओबीटी (रेसिमायझेशन, म्हणजे अमिनो आम्लाची डावी-उजवी रूपं मिसळणं, आवरायला) आणि बेस म्हणून एन-मिथाइलमॉर्फोलिन. ईडीसीचा युरिया 10% सायट्रिक आम्लाने धुतानाच निघून जातो, बॉकला तेवढ्याने धक्का लागत नाही. मग बायकार्बोनेट, मिठाचं पाणी, झालं.

ईडीसी महाग, म्हणून मोठ्या बॅचला मी अजूनही डीसीसीच वापरते. माल थोड्या इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचा, म्हणजे डीसीयू खाली बसतो, आणि थंड असतानाच सेलाइट या गाळायच्या भुकटीवरून गाळायचा.