किंझुआचा पूल बघायचा तर दरीत उतरा

बफेलोहून दक्षिणेला गाडीने साधारण दोन तासांवर, पेनसिल्व्हेनियातल्या माउंट ज्युएट या छोट्या गावाजवळ किंझुआ ब्रिज स्टेट पार्क आहे. नकाशात हे नाव पूर्ण टाका. नुसतं 'किंझुआ' टाकलंत तर वॉरेनजवळचं किंझुआ धरण समोर येऊ शकतं, आणि ते इथून बरंच लांब आहे. पहिल्या खेपेला आमचा असाच अर्धा दिवस गेला. त्या वेळी बाबा सोबत होते. त्यांची सगळी नोकरी रेल्वेचे पूल तपासण्यात गेलेली. चुकलो म्हणून ते काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "उद्या उजाडताच निघू."

उजाडताच निघणं खरंच चांगलं. प्रवेशाला पैसे लागत नाहीत. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पानांचे रंग बघायला फार गर्दी होते, म्हणून शनिवार-रविवार टाळा. वाटेत मोबाईलला रेंज गेली होती, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवा. डबा घरूनच न्या. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती.

पुलावर जाण्याआधी माहिती केंद्रात अर्धा तास काढा. ही गोष्ट माहीत नसेल तर समोर नुसता अर्धवट पूल दिसतो. 1882 साली कोळसा, लाकूड आणि तेल वाहून नेण्यासाठी हा लोखंडी पूल 94 दिवसांत उभा राहिला. उंची 301 फूट, लांबी 2,053 फूट. तेव्हा जगात याहून उंच रेल्वेपूल नव्हता. गाड्या जड होत गेल्या तसा 1900 साली तो पोलादात नव्याने बांधला. 1959 मध्ये मालगाड्या बंद झाल्या आणि पूल भंगारात विकला गेला. पण घेणाऱ्या भंगारवाल्याला तो तोडवेना. त्याच्यामुळेच आज आपल्याला इथे जाता येतं, आणि मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

2002 मध्ये गंज इतका दिसू लागला की आधी पुलावरून चालणारी पर्यटकांची रेल्वेगाडी थांबवली, मग पायी जाणंही. दुरुस्ती सुरू असतानाच 21 जुलै 2003 रोजी चक्रीवादळाने पूल पेलणाऱ्या 20 मनोऱ्यांपैकी 11 आडवे केले. अर्ध्या मिनिटाच्या आत.

उरलेल्यांपैकी सहा मनोरे पक्के करून त्यांच्यावर 2011 मध्ये सुमारे 600 फुटांचा पायी मार्ग खुला झाला. मधोमध जुने रूळ तसेच आहेत. टोकाला सज्जा आहे आणि त्याच्या जमिनीत काच बसवलेली आहे. काचेखाली सुमारे सव्वादोनशे फुटांवर दरी. उंचीची भीती वाटणाऱ्यांनी कडेच्या भागावरून जावं, तिथूनही सगळं दिसतं. वारा मात्र खालच्यापेक्षा वर बराच जास्त असतो. उन्हाळ्यातही एक जाकीट बरोबर असू द्या.

बहुतेक लोक इथूनच परत फिरतात. तुम्ही फिरू नका. दरीत उतरणारी पायवाट छोटी असली तरी उभी आहे, पावसानंतर निसरडी होते. चांगल्या पकडीचे बूट हवेत. गुडघे दुखत असतील तर काठी घ्या. आणि दुर्बीण विसरू नका, कारण पडलेल्या लोखंडाच्या जवळ जायला मनाई आहे आणि ती पाळायलाच हवी.

खाली गेल्यावर आधी कोसळलेल्या मनोऱ्यांकडे बघावंसं वाटेल. साहजिकच आहे, एवढं पोलाद गवतात पसरलेलं दुसरीकडे कुठे दिसणार? पण मग दुर्बीण दगडी पायांकडे वळवा. 1900 साली पूल नवा केला तेव्हा पायातले बोल्ट 1882 चेच ठेवले होते. जुन्या बोल्टला नवा तुकडा कड्याने जोडून त्यावर मनोरे बसवले. ती कडी आतून गंजत गेली, वर्षानुवर्षं वाऱ्याचे हिसके खात झिजली, आणि वादळात तिथूनच मनोरे सुटले. वरून रंग धड दिसत असणार.

बाबा एका पायाकडे वीस मिनिटं तरी बघत होते. मग मला दुर्बीण देत म्हणाले, "गर्डर सगळे बघतात गं. आम्ही हातोडीने बोल्ट वाजवून बघायचो. आवाज बद्द आला की समजायचं."

वर चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरा आणि मध्ये दोनदा बसा. आम्हीही बसलो होतो. वर आल्यावर बाबांनी पुन्हा पुलावर जायचं नाव काढलं नाही. उभ्या असलेल्या मनोऱ्यांचे पाय जिथून दिसतील अशी जागा शोधायला ते कठड्याच्या कडेकडेने निघाले.