स्मारकाच्या डिझाइन कॉम्पिटिशनमध्ये पहिल्यांदा उतरताय? मग आधी चपलांचं बघा

आर्किटेक्चर कॉलेज संपलं की आपलं ठरलेलं असतं, दिवसभर ऑफिसात टॉयलेट डिटेल आणि सबमिशन ड्रॉइंग, आणि रात्री कुणाच्या तरी घरी बसून कॉम्पिटिशन. आम्ही ठाण्याला नौपाड्यात मित्राच्या डायनिंग टेबलावर बसायचो, त्याची आई रात्री अकराला पोहे करून द्यायची आणि विचारायची, याचे पैसे मिळतात का रे. स्मारकाच्या तीन केल्या, एकदा शॉर्टलिस्ट, दोनदा काहीच नाही. त्यातून जे कळलं ते लिहितोय.

आधी ब्रीफ, म्हणजे आयोजकांनी दिलेलं नियम आणि अपेक्षांचं पत्रक, वाचून ही नक्की कुठल्या जातीची कॉम्पिटिशन आहे ते ओळखा. आयडिया कॉम्पिटिशन असेल तर बांधलं काही जाणार नसतं, बक्षीस आणि नाव, स्टुडंटपण चालतात. प्रोजेक्ट कॉम्पिटिशन असेल तर जिंकणाऱ्याला काम मिळतं आणि आपल्याकडे त्यासाठी काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं रजिस्ट्रेशन लागतं, नसेल तर रजिस्ट्रेशनवाला सिनियर सोबत घ्या आणि नाव कुणाचं कुठे येणार ते आधीच लिहून घ्या, मैत्री असली तरी. तिसरी जात म्हणजे वरून कॉम्पिटिशन आणि आतून टेंडर, टर्नओव्हर किती, अनामत रक्कम किती, असलं काम आधी केलंय का. ते दिसलं की पीडीएफ बंद करून झोपा. ज्युरीची नावंच दिली नसतील तरी फी भरू नका.

नाव झाकून जज करतात हाच आपल्यासारख्यांचा फायदा. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकाला १९८१ मध्ये १,४२१ एन्ट्र्या आल्या होत्या आणि जिंकली १०२६ नंबरची, ती निघाली माया लिन, २१ वर्षांची, अजून कॉलेजात. न्यूयॉर्कच्या ९/११ स्मारकाला ५,२०१ एन्ट्र्या, जिंकला मायकेल अराद, जो तेव्हा तिथल्या सरकारी हाउसिंग खात्यात नोकरी करत होता. आपल्या दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक पण ओपन कॉम्पिटिशनमधूनच आलं, चेन्नईच्या वीबी डिझाइन लॅबच्या योगेश चंद्रहासनचं, चक्रव्यूहासारखी एकात एक चार वर्तुळं, २०१९ ला खुलं झालं.

आता मुख्य गोष्ट. सगळे आधी आकार शोधतात, ज्योत, हात, पंख, उगवता सूर्य, आणि मग त्याला अर्थ चिकटवतात. त्यापेक्षा तिथे येणारा माणूस काय करणार ते आधी ठरवा. लिनच्या भिंतीवर युद्धात गेलेल्या सैनिकांची नावं कोरलेली आहेत, तिथे लोक आपल्या माणसाचं नाव शोधतात, बोट फिरवतात, वर कागद धरून पेन्सिलीने घासून ते नाव घरी नेतात, बाकी डिझाइन म्हणजे जमिनीत उतरत गेलेली काळी पॉलिश भिंत. आणि आपल्याकडे माणूस काय करतो? चप्पल काढतो, हार घालतो, अगरबत्ती लावतो, मग फोटो. १४ एप्रिलला ऐरोलीला किंवा कुठल्याही चौकातल्या पुतळ्यापाशी तासभर उभे राहून बघा ना, चपला कुठे जातात, कालचे हार कोण उचलतं, म्हातारी माणसं कुठे टेकतात. हे ज्याच्या प्लॅनमध्ये दिसतं तो वेगळा उठून दिसतो, कारण बाकी सगळ्यांच्या रेंडरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेल्या चित्रात, नुसती पांढरी माणसं आणि उडणारे पक्षी असतात. पाऊस पण धरा. बाहेरच्या फरशीला पॉलिश ग्रॅनाइट दाखवलंत तर जुलैत लोक घसरणार, तिथे फ्लेम फिनिश (आगीने खरखरीत केलेला दगड) लिहा, आणि कोरलेल्या अक्षरांत शेवाळ साचेल त्याचं काय तेही एका ओळीत लिहा.

सराव करायचा असेल तर विषय घराजवळच आहे. जानेवारी १९८४, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध शेतकऱ्यांचं आंदोलन, उरण तालुक्यात जासई-दास्तान फाट्याकडे गोळीबार, पाच जण गेले, आणि आज सगळे जे साडेबारा टक्के म्हणतात, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत, ते त्या लढ्यातून आलं. कुणी विचारलेलं नाही तरी आम्ही त्यावर एक एन्ट्री केली. टीममधल्या मुलीची आजी तिकडचीच, ती आम्हाला बरोबर घेऊन गेली आणि एका टॉवरच्या पार्किंगकडे बोट दाखवून म्हणाली, आमचं खाचर हितं. आमची काँक्रीटची कमान तिथेच मेली. मग आम्ही फक्त भाताच्या खाचरांचे बांध काढले, गुडघ्याएवढे, बसायला येतील असे, आणि सप्टेंबरात एका खाचरात खरंच भात उभं. बक्षिसाचा प्रश्नच नव्हता पण आजपर्यंतचं सगळ्यात बरं काम तेच आहे.

शीटवर एकच मोठं चित्र ठेवा, शक्यतो सेक्शन (उभा छेद), कारण माणूस आणि जमीन यांचं नातं प्लॅनमध्ये कळत नाही. पहिल्या राउंडला शेकडो शीट बघायच्या असतात, तुमच्या वाट्याला फार वेळ येत नाही. ए१ शीट ए३ वर प्रिंट काढून भिंतीला लावा, सहा फुटांवरून आर्किटेक्ट नसलेल्या कुणाला तरी दाखवा (आमच्याकडे पोहेवाल्या काकू), त्यांना काय आहे ते सांगता आलं तर ठीक. लिखाण शेवटच्या रात्रीवर टाकू नका, लिनने बोर्डवर हाताने लिहिलेला मजकूर पण तेवढाच कामी आला होता. 'अवकाश', 'संवाद', 'स्मृतींचा प्रवास' हे शब्द खोडा आणि काय बांधलंय ते सांगा.

डेडलाइनचा टाइमझोन भिंतीवर लिहून ठेवा. २३:५९ जीएमटी म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे ५:२९, आम्ही रात्री बाराच समजून अर्धवट शीट ११:५० ला चढवली आणि सकाळी कळलं की पाच तास हातात होते. मेलबर्नची असेल तर उलटं, संध्याकाळी साडेसहा-साडेसातलाच दुकान बंद. फाइल साइजची लिमिट असते, १० एमबीत बसवताना सेक्शनच्या रेघा फाटतात, म्हणून एक्सपोर्ट दोन दिवस आधी करून बघा. फी युरोत असेल तर कार्डाचा मार्कअप (परदेशी चलनासाठी बँक लावते तो जादा चार्ज) धरा आणि अर्ली बर्डमध्येच, म्हणजे लवकर भरणाऱ्यांच्या कमी फीमध्ये, भरा. शीटवर फक्त कोड नंबर, नाव नाही, लोगो नाही, आणि अपलोड करण्याआधी पीडीएफची प्रॉपर्टीज उघडून बघा, ऑथरच्या जागी तुमचं किंवा ज्याचा लॅपटॉप आहे त्याचं नाव बसलेलं असतं, ते पुसा.